राजीनाम्यासाठी दबाव: अनुदानित शाळेतल्या लिपिकाला संरक्षण काय?

कोपरीची_लिपिक
ठाण्यातल्या एका अनुदानित खासगी शाळेत मी कायम लिपिक आहे. पोषण आहाराच्या तांदळाच्या गोण्या साठा नोंदवहीशी जुळेनात, म्हणून शिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवलं. तेव्हापासून माझं टेबल ऑफिसातून उचलून स्टाफरूमच्या कोपऱ्यात, जुन्या प्रिंटरच्या खोक्यांपाशी. उशिरा आल्याचे मेमो येतात, पण मस्टर माझी सही व्हायच्या आतच कपाटात जातं. काल संस्थेच्या सचिवांनी कोऱ्या कागदावर सही मागितली, "राजीनामा आम्ही टाइप करून घेतो." काही आधार आहे का?

निवृत्त_हेडक्लार्क_कळवा
ताई, तो कागद हातातसुद्धा घेऊ नका. तुम्हाला खासगी शाळा कर्मचारी सेवाशर्ती अधिनियम, १९७७ लागू आहे. कलम ७ प्रमाणे राजीनामा दोन प्रतींत, सही-तारखेसह. एक प्रत पोस्टाने व्यवस्थापनाला, दुसरी तुमच्याकडे. दबावाने घेतलेली सही त्यात बसत नाही, पण मग ते सिद्ध करत तुम्हीच बसाल.

काढून टाकलं किंवा पदावनत केलं, तर आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील, कलम ९. पण काढण्याआधी याच कायद्याखालच्या १९८१ च्या नियमांप्रमाणे तिघांची चौकशी समिती बसवावी लागते: एक संस्थेचा, एक तुम्ही सुचवलेला कर्मचारी, आणि एक राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षक. संस्थाचालक हे सोयीस्कर विसरतात. आमच्या वेळी तर सचिवांचे साडूच समितीवर होते!

मेमोवर मात्र कलम ९ चं अपील नाही. म्हणून उत्तर न देता एकही मेमो फाइलला जाऊ देऊ नका. पुढे त्याच मेमोंचं दोषारोपपत्र शिवतात.

वाशीची_बाई
मी महापालिका शाळेत आहे. मलाही हेच लागू? आणि गैरप्रकार उघड करणाऱ्यांना संरक्षण देणारा तो व्हिसलब्लोअर कायदा?

निवृत्त_हेडक्लार्क_कळवा
नाही. सरकारी आणि स्थानिक संस्थांच्या शाळा १९७७ च्या कायद्यातून वगळल्यात. तुमच्यासाठी महानगरपालिका अधिनियमाचं कलम ५६ बघा. बडतर्फी किंवा पदावनतीआधी बाजू मांडायची संधी द्यावीच लागते. व्हिसलब्लोअर कायदा संसदेने २०१४ मध्ये मंजूर केला, पण तो अमलात आणायची अधिसूचनाच निघाली नाही. त्याच्या भरवशावर राहू नका.

कोपरीची_लिपिक
मस्टरबद्दलचं पत्र आज दिलं. शिपाई पोच आणायला हेडबाईंकडे गेला तो आलाच नाही.

निवृत्त_हेडक्लार्क_कळवा
येणारही नाही. तेच पत्र आजच्या तारखेने शाळेच्या ईमेलवर टाका आणि स्पीड पोस्टाने पाठवा. प्रत शिक्षणाधिकारी, जिल्हा परिषद ठाणे. पावती पत्राच्या झेरॉक्सला टाचा आणि फाइल घरी ठेवा, शाळेच्या ड्रॉवरमध्ये नको.