देव खरोखरच असतील तर श्रद्धेचे काय? फॅन्टसीतील धर्माविषयी पुस्तके सुचवावीत

पिंपळपार (प्रश्न)

मराठी पौराणिक कादंबऱ्यांवर वाढलेल्या माझ्यासारख्या वाचकाला देव आणि चमत्कार बाजूला सारून आतला माणूस शोधण्याची सवय जडलेली असते. खांडेकरांच्या ‘ययाति’त (१९५९) शाप आहे, पण कादंबरी चालते ती वासनेच्या बळावर, ‘युगान्त’मध्ये (१९६७) इरावती कर्वे खांडववनाच्या दहनाकडे अग्नीचे भोजन म्हणून न पाहता जमिनीसाठी केलेला संहार म्हणून पाहतात. इंग्रजी फॅन्टसी वाचू लागल्यावर मला नेमके याच्या उलट आढळले. तिथे देव खरोखरच असतात, पावतात, कोपतात. मग जिथे देवाच्या अस्तित्वाविषयी शंकाच नाही, तिथे श्रद्धा म्हणून काय उरते? टोल्किन यांच्या ‘सिल्मरिलियन’मध्ये सृष्टी गाण्यातून निर्माण होते, ते मला फार आवडले, परंतु त्यांच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये देऊळ, पुजारी, नैवेद्य यांचा जवळजवळ मागमूस नाही. देवांच्या वंशावळी पुष्कळ वाचून झाल्या. ज्यात लोक धर्म पाळताना दिसतात, अशी पुस्तके जाणकारांनी सुचवावीत.

माजघर

आपल्या प्रश्नाला सर्वांत थेट भिडणारे पुस्तक म्हणजे लोइस मॅकमास्टर बुजोल्ड यांचे ‘द कर्स ऑफ चॅलियन’ (२००१). त्यात पाच देव आहेत: पिता, माता, पुत्र, कन्या आणि पाचवा अनौरस. पहिल्या चौघांकडे एकेक ऋतू आहे आणि जे कोणत्याच ऋतूत बसत नाही ते सारे पाचव्याकडे जाते. लोक हे देव हाताच्या बोटांवर मोजतात व अंगठा त्या अनौरसाचा मानतात. शेजारचे लोक मात्र चारच देव मानतात आणि पाचव्याला राक्षस ठरवतात.

अंत्यविधीचा प्रसंग सावकाश वाचावा. देवांचे पवित्र प्राणी किंवा पक्षी प्रेताजवळ आणले जातात आणि मृताचा आत्मा कोणत्या देवाने पदरात घेतला, हे त्यांच्या वागण्यावरून कळते. कोणीच घेतला नाही, तर तो भूत होऊन हळूहळू विरत जातो. दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवून कावळ्याची वाट पाहत उभे राहिलेल्या, आणि कावळा शिवेना म्हणून ‘मुलांचे आम्ही बघू’ असे पुटपुटलेल्या माणसाला यातले काहीच समजावून सांगावे लागत नाही.

राहिली श्रद्धा. बुजोल्ड यांच्या देवांना माणसाने स्वेच्छेने वाट करून दिल्याखेरीज या जगातली काडीसुद्धा हलवता येत नाही. देव आहे का, हा प्रश्न तिथे मिटलेलाच असतो. त्याला आपल्यातून वाट द्यायची का, हा उरतो आणि तो जास्त छळतो. पुढचा भाग ‘पॅलॅडिन ऑफ सोल्स’ (२००३) मला अधिक प्रिय आहे, कारण त्याची नायिका चाळिशीची विधवा असून घराबाहेर पडण्यासाठी ती तीर्थयात्रेचे निमित्त काढते. या निमित्ताची थोरवी आपल्याकडच्या बायकांना कोणी वेगळी सांगायला नको.

सांजवात

वरील शिफारशीशी मी सहमत आहे, तरी देव दिसतच नाहीत असेही एक पुस्तक वाचावे: अर्सुला ले ग्विन यांचे ‘द टूम्स ऑफ अटुआन’ (१९७१). जुनी पुजारीण ज्या रात्री वारली त्याच रात्री जन्मलेली म्हणून एका मुलीला आईवडिलांपासून तोडून आणतात, रिकाम्या सिंहासनापुढे तिची मान खाली वाकवून तलवार उगारण्याचे नाटक करतात आणि त्यानंतर तिचे नाव काढून घेतात. तिला मिळणाऱ्या नव्या नावाचा अर्थ ‘गिळलेली’ असा आहे. मराठीत आपण ‘मुलगी देवाला सोडली’ असे किती सहज म्हणून जातो, ते वाचताना माझ्या घशाशी आले.

याच विषयाची हसरी बाजू हवी असेल, तर टेरी प्रॅचेट यांचे ‘स्मॉल गॉड्स’ (१९९२) घ्यावे. महान देव ओम् पृथ्वीवर येतो तो कासव होऊन, कारण त्याच्या नावाने चाललेल्या अवाढव्य धर्मपीठात त्याला मनापासून मानणारा एकच भाबडा नवशिका उरलेला असतो; बाकीचे सारे धर्मपीठाला भितात.

पिंपळपार

आभार. रॉजर झेलाझ्नी यांच्या ‘लॉर्ड ऑफ लाइट’विषयी (१९६७) कोणीच काही लिहिले नाही, हे मुद्दाम का?

वेशीबाहेर

मुद्दाम नसावे, पण संकोच समजण्यासारखा आहे. परग्रहावर पोहोचलेले अंतराळवीर यंत्रांच्या जोरावर हिंदू देवांची रूपे धारण करतात, पुढचा जन्म कोणता द्यायचा हे मन तपासून ठरवतात, आणि देवळांत नाणे टाकून प्रार्थना करण्याची यंत्रे असतात. संस्कृत नावांची सरमिसळ आपल्याला खटकते. मीही पहिल्या वेळी पुस्तक अर्ध्यावर मिटले होते. तरीही त्याचा गाभा वाचण्याजोगा आहे. नायक स्वतःचा विश्वास नसताना, केवळ या देवांच्या सत्तेविरुद्ध हत्यार म्हणून, बुद्धाचा धम्म पुन्हा मांडतो आणि त्याला ठार करायला आलेला मारेकरी मात्र त्याच शिकवणीने खराखुरा ज्ञानी होऊन बसतो. १४ ऑक्टोबर १९५६ चे नागपूर ज्याच्या घरात रोजच्या बोलण्यात आहे, तो वाचक हे पुस्तक अमेरिकी वाचकाहून वेगळे वाचणार, हे उघड आहे. नागपुरात धम्म कोणी डावपेच म्हणून घेतला नव्हता. त्यामुळे नायकाचा कोरडेपणा मला शेवटपर्यंत टोचत राहिला.

मराठीतून हवे असेल, तर जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘रमलखुणा’तील (१९७५) ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दीर्घकथा अनोळखी मुलखांत घडतात. आणि फॅन्टसी नव्हे, पण सोबत ठेवावे असे एक पुस्तक म्हणजे रा. चिं. ढेरे यांचे ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४). गवळी-धनगरांचा देव वैष्णवांचा विठ्ठल कसा होत गेला, हे त्यात थराथराने उलगडते, आणि ते वाचून झाल्यावर कादंबरीकाराने एका बैठकीत रचलेले देव बहुतेक वेळा फार नीटनेटके वाटू लागतात.

पिंपळपार

ढेरे घरात आहेत, त्यामुळे आजपासून तेच. ‘चॅलियन’ मागवले आहे.