जावास्क्रिप्ट: २० अधिक ५ = २०५?

ओझर_नवशिका: द्राक्षपेट्यांच्या हिशेबाचं पान बनवतोय. दोन रकान्यांत २० आणि ५ टाकले की बेरीज २०५ येते. शिवाय स्क्रिप्ट पानाच्या वरच्या 'हेड' भागात ठेवली की बटण चालत नाही, ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (चुका दिसतात तिथे) 'नल'ची लाल ओळ. का?

गंगाघाट: रकान्याची व्हॅल्यू कायम स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, असते, टाइप नंबर दिला तरीही. अधिकचं चिन्ह स्ट्रिंगा जोडतं. गुणाकारात मात्र त्यांचे आपोआप आकडे होतात, तिथे उत्तर बरोबर येतं आणि माणूस गाफील राहतो. बेरजेआधी दोन्ही व्हॅल्यू नंबर फंक्शनमधून काढा. रिकामा रकाना त्यात शून्य होतो, तो आधी तपासा.

सातपूर_कोडर: ब्राउझर पान वरून खाली वाचतो. हेडमधली स्क्रिप्ट धावते तेव्हा बटण जन्मालाच आलेलं नसतं, म्हणून नल, म्हणजे 'काही सापडलं नाही'. स्क्रिप्ट टॅगला डिफर लावा, म्हणजे पान वाचून झाल्यावरच ती धावेल. पण तो एसआरसीने (फाइलचा पत्ता देऊन) जोडलेल्या वेगळ्या फाइललाच लागू होतो. पानातच लिहिलेल्या साध्या कोडवर काही परिणाम नाही. इथेच बहुतेक जण अडकतात.

गंगाघाट: अजून एक. टेक्स्ट रकान्यात कुणी मराठी कीबोर्डवरून अंक टाकले तर नंबर फंक्शन 'एनएएन' ('हा आकडा नाही') देतं, त्याला देवनागरी अंक कळत नाहीत. रिप्लेस फंक्शनने ते आधी इंग्रजी अंकांत बदलून घ्या.

ओझर_नवशिका: कोड पानातच होता! वेगळी फाइल केली, डिफर लावला, चाललं. बेरीजही २५.