पाचशे पाणघोडे गेले कशाने? सायप्रसच्या कपारीतला जुना वाद

कपारीतला
सायप्रसच्या दक्षिण टोकाला आक्रोतिरी द्वीपकल्प आहे. तिथे ब्रिटिश हवाई तळाच्या हद्दीत, समुद्रापासून सुमारे ४० मीटर उंच कड्यात एक ढासळलेली कपार आहे, एटोक्रेम्नोस. पुरातत्त्वज्ञ ॲलन सिमन्स यांनी १९८७ पासून तिथे उत्खनन केलं. निघालं काय, तर २,१८,००० हून अधिक हाडं, जवळजवळ सगळी खुज्या पाणघोड्यांची. किमान ५०५ जनावरं! हा प्राणी फक्त याच बेटावरचा, वजन जेमतेम १३० किलो, आणि त्याची शिकार करणारा एकही मोठा प्राणी बेटावर नाही. त्याच कपारीत दगडी हत्यारं, शेकोट्या. काळ सुमारे १२,००० वर्षांपूर्वीचा. पुढे पाणघोडे बेटावरून नाहीसेच झाले. होडीतून माणूस आला, त्याने मारून खाल्ले. यात वाद घालण्यासारखं काय उरलंय?

शंकासुर
उरलंय की. आधी थर बघा. पाणघोड्यांचा ढीग खालच्या, चौथ्या थरात. हत्यारं, शेकोट्या, शिंपले, माळढोकाच्या कुळातले पक्षी हे बहुतांशी वरच्या, दुसऱ्या थरात. मध्ये काही जागी माणसाचा मागमूस नसलेला तिसरा थर. खोली एक, भाडेकरू वेगवेगळ्या काळातले. बुनिमोवित्झ आणि बरकाई या पुरातत्त्वज्ञांनी १९९६ मध्ये हाच आक्षेप घेतला होता.

आणि ही हाडं तपासणाऱ्या सँड्रा ओल्सन यांना त्यांवर कापल्याची खात्रीशीर खूण सापडली नाही. पाचशे जनावरं सोलली आणि पातं एकदाही हाडाला घासलं नाही?

कपारीतला
तिसरा थर सगळीकडे नाही, हे तुम्हीच लिहिलंत. तो नाही तिथे दुसरा थेट चौथ्यावर बसलाय. चौथ्यातही थोडी हत्यारं आहेतच. कापल्याच्या खुणांचं म्हणाल तर आफ्रिकेत हत्ती कापताना केलेल्या निरीक्षणांतही हाडांवर फार कमी खुणा दिसल्या आहेत. मांस जाड असलं आणि हात सराईत असला की पातं हाडापर्यंत जातच नाही.

शंकासुर
हत्ती कुठे आणि डुकराएवढा हा प्राणी कुठे! ह्याच्या सांध्यावर पातं लावलं तर हाड बोटभर अंतरावर. बरं, ‘कमी खुणा’ आणि ‘एकही नाही’ यांत फरक आहे.

भटकभवानी
दोघेही जळक्या हाडांना बगल देताय. तीसेक टक्के हाडं जळलेली आहेत. ती कुणी जाळली? बेटावरच्या इतर कितीतरी गुहांत पाणघोड्यांची हाडं सापडतात, पण तिथे माणसाची वस्तू नाही की आग नाही. आग आहे ती नेमकी इथेच.

शंकासुर
आग माणसाचीच, ते मान्य. पण कशावर लावली? जुन्या हाडांनी भरलेली कपार मिळाली, वर शेकोटी पेटवली. खालची पाच-सहा सेंटिमीटरपर्यंतची हाडं आपोआप करपतात, प्रयोगांत दिसलंय. शिवाय सुकी हाडं सरपण म्हणूनही टाकली असतील. मांसासकट हाड भाजलं तर ते वाकतं, त्यावर आडव्या, कमानदार भेगा पडतात. सुकलेलं जाळलं तर भेगा बारीक आणि उथळ. शिकार म्हणणाऱ्यांनी आधी त्या भेगा दाखवाव्यात.

कपारीतला
तीस टक्के म्हणजे साठ हजारांहून जास्त हाडं. वरच्या शेकोट्यांच्या धगीने पाच-सहा सेंटिमीटरांत एवढी जळतील? आणि नैसर्गिक ढीग म्हणता, तर पाचशे पाणघोडे त्या कड्यातल्या कपारीत मरायला का जमले तेही सांगा.

शंकासुर
एकदम कोण म्हणतंय? शतकानुशतकं एकेक जनावर सावलीला आलं, मेलं. पाचशे व्हायला कितीसा वेळ लागतो!

भटकभवानी
२०२४ मध्ये संशोधक ब्रॅडशॉ आणि सहकाऱ्यांनी गणित मांडलं: बेटावर ३,००० ते ७,००० माणसं असली तर खुजे पाणघोडे आणि तिथलेच खुजे हत्ती हजार वर्षांच्या आत संपू शकतात. म्हणजे शिकारीने नामशेष होणं अगदी शक्य आहे.

शंकासुर
शक्य आहे, एवढंच. त्या गणिताने या कपारीतलं एकही हाड कापलं जात नाही. संपूर्ण बेटाचा प्रश्न वेगळा, या ढिगाचा वेगळा. दोन्हींची खिचडी करू नका.

कपारीतला
मग डुकरांचं काय? याच कपारीतली रानडुकरांची मोजकी हाडं सुमारे ११,४०० वर्षांपूर्वीची निघाली. रानडुकरं मूळची बेटावरची नाहीत, माणसांनीच होडीतून आणली. पाणघोडे खाऊन संपले म्हणूनच ना हा खटाटोप?

शंकासुर
किंवा माणसं आली तेव्हा पाणघोडे संपत आलेलेच होते, म्हणून पहिल्यापासूनच मांसाची सोय बाहेरून करावी लागली. तुमचा पुरावा माझ्याही बाजूने तितकाच बोलतो. कापल्याची खूण असलेलं एक हाड दाखवा, मी पुढचा प्रतिसाद टाकणार नाही.