डेडलॉकला मराठीत काय म्हणायचं? ('कोंडी' सुचवू नका)

कळफलक: डिप्लोमाच्या मुलांसाठी ऑपरेटिंग सिस्टिमची टिपणं मराठीत करतोय. डेडलॉक म्हणजे दोन कामं एकमेकांनी धरलेली लॉक सुटायची वाट बघत कायमची अडकणं. लॉक म्हणजे एका वेळी एकालाच वस्तू वापरू देणारी सोय. लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, लॉक कोणत्या क्रमानं घेतली जातात ते बघणारा लॉकडेप नावाचा पहारेकरी आहे. इंगो मोल्नारचं काम, २००६ साली २.६.१८ आवृत्तीत आलं. त्याची ठरलेली ओरड असते, 'पॉसिबल सर्क्युलर लॉकिंग डिपेन्डन्सी डिटेक्टेड'. मी लिहिलं, 'संभाव्य चक्रीय कुलूप-अवलंबित्व आढळले'. बायकोनं वाचून विचारलं, चोरी कुणाकडे झाली? त्यात वर एका ठिकाणी 'कर्नेल'चं 'कर्नल' झालं होतं, म्हणजे चोरी लष्करातली.

खरी अडचण पुढे आहे. 'कोंडी' लिहिलं की पोरं समजतात, कोंडी झाली. लॉकडेप म्हणतो, झालेली नाही, पण एक दिवस होईल. हे कसं आणायचं?

निःशब्द: गतिरोध. तयार शब्द असताना शोधाशोध कशाला?

सोलापूरकर: हिंदीत तयार असेल. आमच्या गल्लीत गतिरोधक म्हणजे रस्त्यावरचा उंचवटा. गाडी आपटते, पण पुढे जाते की! डेडलॉकमध्ये कोण पुढे जातंय?

निःशब्द: मग निदान 'कुलूप' काढा. तो अरबी 'कुफ्ल', अक्षरं उलटून आपल्याकडे आलेला. 'टाळे' म्हणा.

तिरपागडा: टाळं कारखान्याला लागतं. टाळेबंदी वाचून पोरं संपाच्या बातम्या शोधतील. आणि त्या शुद्ध टाळ्याला तुम्ही चावी कुठली लावणार? ती तर पोर्तुगीज.

निःशब्द: मी किल्ली म्हणतो.

रातराणी: मी ड्रायव्हर लिहिते, लॉकडेपच्या शिव्या रोज खाते, म्हणून बोलते. तुमचं नाम नाही, क्रियापद चुकतंय. कुलूप आपण घालतो आणि बाहेर निघून जातो. कर्नेलमधलं लॉक 'घेतात' नि 'सोडतात', आणि घेणारा आत असतो. ते कुलूप नव्हे, ती आतली कडी.

आमच्या वाड्यात सात बिऱ्हाडांत एक संडास आणि एक टमरेल. कुणी आधी टमरेल उचलायचं, मग आत जाऊन कडी लावायचं. कुणी घाईत आधी कडी लावायचं आणि मग आतून टमरेलासाठी हाका मारायचं. आजी ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली असे. एकदा सकाळी तिनं एक क्रम पाहिला, दुसऱ्या दिवशी उलटा. दोन्ही दिवस कुणाचं काही अडलं नव्हतं. तरी ती सूप खाली ठेवून ओरडली, "अरे, एक दिवस एक जण कडी लावून आत बसेल आणि दुसरा टमरेल घेऊन बाहेर नाचेल! ना हा कडी काढणार, ना तो टमरेल देणार!" तेव्हापासून नियम झाला, आधी टमरेल, मग कडी.

लॉकडेप म्हणजे ती आजी. तिला प्रत्यक्ष अडकलेला माणूस लागत नाही. वेगवेगळ्या दिवशी पाहिलेले दोन उलटे क्रम तिला पुरतात. टमरेल बदलून नवं आणलं तरी नियम तोच, कारण ती सुटं टमरेल बघत नाही, त्याचा वर्ग बघते. आणि एकदा ओरडली की गप्प. लॉकडेपही पहिल्या तक्रारीनंतर स्वतःला बंद करून घेतो, मशीन पुन्हा सुरू करेपर्यंत.

खरंच अडकल्यावर बोंब मारणारा वेगळा. एखादं काम १२० सेकंद हललं नाही की तो लॉगमध्ये लिहितो. तो दार ठोठावणारा शेजारी.

कळफलक: वा! मग 'कड्यांचा क्रम उलटसुलट, कोंडी होऊ शकते' असं लिहू?

निःशब्द: हे वाक्य झालं. परिभाषेत वाक्य चालत नाही. शिवाय संडासाचं उदाहरण पाठ्यपुस्तकात?

तिरपागडा: संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रानं डेडलॉकला 'डेडली एम्ब्रेस', म्हणजे जीवघेणी मिठी, म्हटलं होतं. आपल्याकडे धृतराष्ट्राचं आलिंगन आहेच!

रातराणी: त्यात भीमाचा पुतळा चुरला, धृतराष्ट्र मोकळा झाला. इथे मोकळं कुणीच होत नाही.

कळफलक: लॉकडेपच्या दुसऱ्या ओरडीवर, 'इनकन्सिस्टंट लॉक स्टेट'वरही अडलोय. तिथे दुसरा माणूसच दिसत नाही.

रातराणी: एकानं स्पिनलॉक (मिळेपर्यंत जागीच गरगरत वाट बघायला लावणारं लॉक) घेतलं, तेवढ्यात त्याच सीपीयूवर इंटरप्ट आला, म्हणजे हातातलं काम थांबवून मध्येच दुसरं करायला लावणारी हाक. इंटरप्टवाल्यालाही तेच लॉक हवं, म्हणून तो जागच्या जागी गरगरतोय. पहिला पुढे सरकला तर लॉक सुटेल, आणि इंटरप्ट संपला तर पहिला सरकेल. उपाय सोपा, असं लॉक घेतानाच त्या सीपीयूवरचे इंटरप्ट बंद ठेवायचे. लॉकडेपला इथेही प्रत्यक्ष अपघात लागत नाही. एकदा इंटरप्ट चालू ठेवून घेतलं आणि एकदा इंटरप्टमध्ये घेतलं, एवढं दिसलं की पुरे.

सोलापूरकर: लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही. घ्या, डेडलॉकची व्याख्याच झाली.

तिरपागडा: ताई, टमरेल म्हणजे इंग्रजी 'टंबलर' बरं का.

निःशब्द: काहीतरीच! 'ताम्र'वरून असणार. पूर्वी तांब्याची असत.

तिरपागडा: तांब्याचं भांडं तिथे कोण नेत होतं? आमचं तरी पत्र्याचं होतं, तुपाचा डबा कापून केलेलं.

सोलापूरकर: आमच्याकडे त्याला डबडं म्हणतात.

कळफलक: मंडळी, उद्या छपाईला द्यायचंय. कोंडीच ठेवू का?

निःशब्द: 'ताम्र'ला विरोध करणाऱ्यांनी आधी 'रेल' कुठून आला ते सांगावं.