युद्धात मेलं की पापं धुतली जातात, असं धर्मगुरूंनी सांगावं का?

दुभाषी_पुणे:
२०१५ ते २०२१ मी मॉस्कोत दुभाषी होते. घरमालकीण आजी रविवारी मला चर्चमध्ये न्यायची. मेणाच्या बारीक मेणबत्त्या, दोन तास उभ्यानं उपासना, आणि सुरुवातीलाच "मीरम गोस्पोदु पमोलिम्स्या", म्हणजे शांतीनं प्रभूची प्रार्थना करू या. मी हिंदू घरातली, पण त्या 'मीर'पाशी, म्हणजे शांतीपाशी, गळा दाटायचा.

मॉस्कोजवळच्या कुबिंकाचं रशियन सैन्याचं कॅथेड्रलही पाहिलं, २०२० साली उघडलेलं. महायुद्धात जप्त केलेल्या जर्मन शस्त्रांचा धातू वितळवून पायऱ्यांत घातलाय. त्यावर पाय ठेवताना पहिल्यांदा अस्वस्थ झाले.

२१ सप्टेंबर २०२२ला युक्रेनच्या युद्धासाठी सैन्यभरतीचा हुकूम निघाला, त्यात आजीचा नातू गेला. २५ तारखेला रशियन ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख, पॅट्रिआर्क किरील, प्रवचनात म्हणाले की सैनिकी कर्तव्य बजावताना मरणाऱ्याची सगळी पापं धुऊन निघतात. २०२४च्या मार्चमध्ये त्यांच्याच अध्यक्षतेखालच्या परिषदेनं या लढाईला 'पवित्र युद्ध' म्हटलं. आजीच्या चर्चमध्येही हेच सांगतात. परवा तिनं विचारलं, "मग तो जिवंत परत यावा असं मागितलं तर माझं चुकतं का गं?"

काय सांगू तिला?

वसईकर:
त्यांच्याच परंपरेतलं सांगा. चौथ्या शतकातल्या संत बाझिल यांचा तेरावा नियम आहे: युद्धात माणूस मारणाऱ्याला खुनी धरू नये, पण त्याचे हात स्वच्छ नाहीत, त्यानं तीन वर्षं कम्युनियनपासून, म्हणजे चर्चमधल्या पवित्र भाकरी-द्राक्षारसाच्या प्रसादापासून, दूर राहिलेलं बरं. दहाव्या शतकात बायझंटाईन सम्राट निकेफोरस फोकास यांना लढाईत पडलेल्यांना रक्तसाक्षी, म्हणजे धर्मासाठी प्राण देणारे हुतात्मे, ठरवून हवं होतं. पॅट्रिआर्क पॉलियुक्टस यांनी नकार दिला, याच नियमाचा आधार घेऊन. सम्राटाच्या तोंडावर!

मी कॅथलिक. १०९५ साली आमच्या पोपनीच क्रुसेडला, म्हणजे धर्मयुद्धाला, जाणाऱ्यांना प्रायश्चित्त माफ केलं होतं, तेव्हा हे दुखणं मला परकं नाही.

सुभेदार_सातारा:
ताई, मराठा लाइट इन्फंट्रीत २४ वर्षं काढली. खंडेनवमीला रायफलीला हळदकुंकू वाहिलंय. पोस्टवर निघताना पलटणीच्या मंदिरात पंडितजी प्रसाद द्यायचे, तो खाल्ला की हाताची थरथर थांबायची. हे ज्यानं अनुभवलं नाही त्यानं पूजेला नावं ठेवू नयेत. पण मेलास तर पापं फिटतील, असं पंडितजी कधी बोलले नाहीत. बोलले असते तर मीच उठून गेलो असतो. माझ्या हाताखाली पोरं होती, वीस-बावीस वर्षांची.

देवाला मी एकच मागायचो, सगळी परत येऊ देत. आजीचं चुकत असेल तर माझंही चुकलं.

दुभाषी_पुणे:
सुभेदार काका, तुमचे शब्द जसेच्या तसे रशियनमध्ये सांगितले. बाझिल म्हणजे त्यांचे वासिली वेलिकी, तिच्या देवकोपऱ्यात त्यांचं चित्र आहे. तीन वर्षांचं ऐकून ती बराच वेळ गप्प होती.

मॉस्कोचे फादर योआन कोवल यांच्याबद्दल मात्र फोनवर बोलले नाही, तिला त्रास नको. 'पवित्र रूस'साठीच्या सक्तीच्या प्रार्थनेत 'पबेदा', म्हणजे विजय, या शब्दाऐवजी 'मीर' म्हटलं म्हणून २०२३ला त्यांचं पाद्रीपद काढून घेतलं होतं.

ती प्रार्थना सुरू झाली की आजी म्हणे मेणबत्त्यांपाशी जाते, जळून खाली आलेली थोटकं काढायला.