ठासणीची बंदूक घ्यायची आहे, नळी खराब आहे. बदलून मिळेल का? (उत्तर सोलापूर)

काळी_माती:
नमस्कार मंडळी. शेत नान्नजच्या पुढं, बार्शी रोडला. ज्वारी आणि तूर. रानडुकरं एका रात्रीत पट्टाच्या पट्टा लोळवतात, म्हणून पीक संरक्षणाच्या परवान्याचा अर्ज करणार आहे. शेजारच्या गावातले एक अण्णा त्यांच्या परवान्यावरची बंदूक विकायला काढतायत. एकनळी, ठासणीची (दारू आणि छरे तोंडातून ठासून भरायची), घोड्याखालच्या छोट्या स्फोटक टोपीवर उडणारी, नळी ३६ इंचाच्या आसपास. दस्ता, घोडा, चाप बरे दिसतात. नळीत मात्र गंज आहे आणि बुडाकडं, म्हणजे दस्त्याकडच्या बंद टोकाला, खड्डे जाणवतात.
अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एक लेथवाला म्हणतो, "सीमलेस पाइप आणा, नळी करून देतो." यूट्यूबवर तर अमेरिकेतले लोक बसल्याजागी नळी बदलतात. तीन प्रश्न: बंदूक घ्यावी का, नळी बदलायला काय लागतं, आणि बदलायचीच तर रायफलिंगची (आत पीळदार खाचा असलेली) टाकली तर लांबवर नेम बसेल का?

फाईल_क्रमांक:
मालक, आधी लेथवाल्याला नाही म्हणा. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदूक बनवणं, दुरुस्त करणं, तपासणं, विकणं या सगळ्याला वेगळा परवाना लागतो. तुमच्याकडं बंदुकीचा परवाना असला तरी त्यात हे काम येत नाही. आणि नळीसारखा सुटा भागसुद्धा कायद्याच्या व्याख्येत "शस्त्र"च धरला जातो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या कलमाच्या उल्लंघनाला किमान सात वर्षं कैद आहे. लेथवाला अडकेल आणि पाइप आणून देणारे तुम्हीही.

रायफलिंगचा विषय इथंच मिटतो. कलम १३(३) मध्ये पीक संरक्षणासाठी जी सवलत आहे ती ठासणीच्या बंदुकीला. ती पुरणार नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर २० इंच किंवा जास्त लांबीच्या नळीची दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मिळू शकते. रायफल हा वेगळा प्रकार. परवान्यावर एक आणि हातात दुसरं, असं झालं की सगळी फाईल बाद.

खरेदीचा क्रम असा. आधी तुमचा परवाना, मग व्यवहार. इसार आत्ता देऊ नका. अण्णांनी जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलिस ठाण्याला लेखी कळवायचं: कोणाला विकतोय, नाव, पत्ता. त्यानंतर किमान ४५ दिवस थांबायचं, मगच बंदूक हातात घ्यायची. परवान्यावर तिचा नंबर चढवून घ्या. शेत आणि घर ग्रामीण हद्दीत असेल तर अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात. घर शहर आयुक्तालयाच्या हद्दीत असेल तर पोलिस आयुक्तांकडं. यात चूक झाली की महिने वाया जातात.

आणि एक गोष्ट तुमच्या भागात कुणी सांगत नाही. नान्नजला माळढोक अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्याच्या १० किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते. तुमचा गट नंबर या पट्ट्यात येतो का, हे वन विभागाकडून आधीच लेखी घ्या. परवाना मिळाला म्हणजे डुक्कर मारायची मुभा मिळाली असंही नाही, त्याची परवानगी वेगळी. काळवीट तर पहिल्या अनुसूचीत, तिकडं नळी वळवायचीच नाही.

घोडा_चाप:
कागदांचं वर आलंय, मी वस्तूवर बोलतो.

बंदूक पाहायला जाल तेव्हा पहिलं काम, ती भरलेली आहे का ते बघणं. भिंतीवर टांगलेल्या जुन्या ठासणीच्या बंदुका भरलेल्या निघतात, आणि काळी दारू कोरडी राहिली असेल तर वर्षानुवर्षांनीही पेट घेते. घोडा, टोपी सगळं अण्णांनाच हाताळू द्या, बंदूक त्यांच्या परवान्यावर आहे. निपलवर (बुडाशी असलेली पोकळ खुंटी, जिच्यावर टोपी बसते) टोपी नाही याची खात्री झाली की नळीचं तोंड मोकळ्या बाजूला, कुणाचंही डोकं तोंडासमोर नाही, अशा बेतानं लाकडी किंवा पितळी गज अडेपर्यंत आत सोडायचा. तोंडापाशी गजावर पेन्सिलीची खूण करायची. गज बाहेर काढून नळीच्या बाहेरून, खूण तोंडाशी जुळवून आडवा धरायचा. गजाचं टोक निपलच्या बुडापाशी यायला हवं. इंच-दोन इंच अलीकडं थांबलं तर आत भार आहे किंवा काहीतरी अडकलंय. दोन्ही वेळी ती भरलेलीच समजायची. खोचायचं नाही, तापवायचं नाही, "उडवून बघू" तर अजिबात नाही. परवानाधारक कारागिराकडं पाठवायला सांगा आणि घरी या.

रिकामी ठरली तर पुढची तपासणी. नळीच्या आत बारीक दिवा सोडा. तोंडाकडच्या भागात तांबूस डाग, बारीक खरवड असेल तर छऱ्यांच्या बंदुकीला फारसा फरक पडत नाही. बुडाकडचे पहिले पाच-सहा इंच मात्र निर्दयपणे तपासा, कारण दाब सगळ्यात जास्त तिथंच येतो. चिंधी गुंडाळलेला गज फिरवताना तिथं खडबडीत लागलं, चिंधी फाटून आली, तर खड्डे खोल आहेत. तुम्ही "जाणवतात" लिहिलंय, म्हणजे माझ्या मते ते खोलच असणार.

मग बाहेरून नळीवर दोन बोटं सरकवत न्या आणि प्रकाशात तिरपी धरून बघा. कुठं कड्यासारखा फुगवटा लागला, आत त्याच जागी काळी गोल सावली दिसली, तर नळी फुगलेली आहे. गोळी किंवा छऱ्यांचा भार दारूवर नीट टेकलेला नसतो, मधे पोकळी राहते, आणि बार उडाला की त्याच जागी नळी ताणली जाते. अशी नळी दुरुस्त होत नाही.

निपलचं भोक मोठं झालेलं असेल, बुडाभोवती काळं फुसकारलेलं दिसत असेल, तर वायू मागं येतोय. नवं निपल स्वस्त पडतं, पण नळीतले आटेच झिजले असतील तर नवं बसवूनही ते सुटून डोळ्यावर येऊ शकतं. घोडा अर्ध्या खटक्यावर (अर्धा मागं ओढून अडकवलेला) ठेवून चाप दाबला तर पडता कामा नये. पडत असेल तर खटक्याची खाच झिजलीय. हे काम होण्यासारखं आहे, बंदूक नाकारायला पुरेसं नाही.

गज_आणि_चिंधी:
नळी बदलण्याबद्दल. यूट्यूबवर दिसतं ते खोटं नाही, पण ते तिथलं आहे. थॉम्पसन सेंटर हॉकेन ही ठासणीची अमेरिकन रायफल १९७० पासून कारखान्यात एका मापाची निघाली: अष्टकोनी नळी, समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर १५/१६ इंच, लांबी २८ इंच, रायफलिंगचा पीळ ४८ इंचांत एक फेरा. नळीच्या बुडाला आकडा असतो. तो दस्त्यातल्या लोखंडी शेपटात अडकतो आणि पुढं एक पाचर. पाचर काढली की नळी हातात. त्यामुळं दुसऱ्या कंपन्यांनी त्याच मापाच्या तयार नळ्या विकल्या. त्यांच्या १९६८ च्या केंद्रीय कायद्यात ठासणीची बंदूक फायरआर्मच्या व्याख्येत येत नाही, म्हणून नळी थेट घरी येते. आपल्याकडं हीच नळी कुरिअरनं मागवली तर ती शस्त्राची आयात होते.

गावाकडच्या बंदुकीत असं काही नसतं. प्रत्येक नळी त्या-त्या दस्त्यात कोरून बसवलेली. नवी घालायची म्हणजे दस्त्याची खाच, बुडाचा पेच (नळीचं मागचं टोक बंद करणारा), निपलची जागा आणि घोड्याचा कोन, चारही जुळवावे लागतात. निपल थोडं जरी पुढं-मागं झालं तर घोडा टोपीवर तिरका पडतो आणि बार फुसका जातो. घोडा वाकवून भागवतात, तो पुढं मोडतो.

कारागीर परवानाधारकच हवा, आणि काम देण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या. एक, नळी बंदुकीसाठीच केलेल्या पोलादाची असेल, प्रूफ चाचणी (जादा भार उडवून नळीची ताकद तपासणं) होऊन छाप येईल. दोन, बुडाचा पेच आतल्या खांद्याला पूर्ण टेकलेला असेल. तिथं फट राहिली की काजळी साचते, ओल धरते आणि नवी नळीसुद्धा तिथूनच खायला लागते. तीन, नंबर नळीवर असेल तर नव्या नळीच्या नंबराची नोंद परवान्यावर कशी होणार, हे परवाना शाखेला आधी विचारून घ्या.

पाइपाबद्दल फक्त एवढंच: पाण्या-वाफेचा पाइप स्थिर दाबासाठी असतो. बार उडतो तेव्हा दाब एका झटक्यात चढतो, आणि तुमचा डावा हात बरोबर त्या नळीखाली असतो.

माझं मत विचाराल तर या बंदुकीवर नवी नळी घालू नका. नळी, बसवणी, चाचणी, कागद मिळून जे होईल त्यात चांगल्या नळीची दुसरी ठासणीची मिळते.

काळी_माती:
सगळ्यांचे आभार. गट नंबरचं वन विभागात विचारतो आधी. अण्णा म्हणतायत, खड्डे घासून काढले की झालं. आतून होनिंग केलं तर?

घोडा_चाप:
तोंडाकडच्या खरवडीला चालतं. बुडाकडच्या खड्ड्यांना नाही, कारण खड्ड्याच्या तळापर्यंत घासायचं म्हणजे जिथं जाडी हवी तिथलीच भिंत पातळ करायची. शिवाय तेही परवानाधारकाचंच काम. अण्णांना सांगा, बुडाचा पेच कारागिराकडून उघडून दाखवा, मग भावाचं बोलू. उघडायला तयार नसतील तर उत्तर मिळालं.

पुढं कुठलीही घ्याल तर दोन गोष्टी पक्क्या. काडतुसातली धुररहित दारू ठासणीत कधीच भरायची नाही, दाब कैक पटींनी वाढतो. आणि काळ्या दारूची काजळी हवेतली ओल ओढते. बार केल्याच्या दिवशीच निपल काढून गरम साबणाच्या पाण्यानं नळी धुवायची, चिंधी पांढरी येईपर्यंत. मग कोरडी करून तेलाचा हात. आपली हवा कोरडी म्हणून उन्हाळ्यात चालढकल खपते, पण मृगाचा पाऊस पडला की आठ दिवसांत बूड खायला सुरुवात होते. अण्णांच्या नळीचं बहुतेक हेच झालंय.

फाईल_क्रमांक:
अर्जाला सातबारा, पीकपाहणीची नोंद आणि वन विभागाकडचे नुकसानीचे पंचनामे जोडा. रानडुकरांच्या नुकसानीची भरपाई शासन देतं, तो अर्ज आत्ताच टाका. भरपाईही मिळेल आणि तोच पंचनामा परवान्याच्या फाईलला लागेल.