इलिओस्टोमीच्या बॅगेत दिवसाला दोन लिटर, क्रिएटिनिन वाढलंय. पाणी किती द्यायचं?

कासारवडवलीकर
बाबा, वय 68. गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, सोबत तात्पुरती लूप इलिओस्टोमी, म्हणजे लहान आतड्याचं तोंड पोटावर काढून त्याला बॅग लावलीय. आज सोळावा दिवस. बॅगेत नुसतं पाण्यासारखं येतंय, चोवीस तासांत दोन लिटरच्या आसपास. लघवी कमी नि गडद, पिंढऱ्यांत गोळे येतात. कालचा रिपोर्ट: क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) 1.1 होतं ते 1.7, सोडियम 129, म्हणजे कमी. साधं पाणी तीन लिटर, वर दोन शहाळी आणि मोसंबीचा रस देतोय, तरी तहान भागत नाही. बॅग रोज गळते, भोवतीची कातडी सोलवटलीय. बीपीची टेल्मिसार्टन चालू आहे. ओपीडी सोमवारी, परळला. तोवर काय करू?

स्टोमा_सिस्टर_ऐरोली
दादा, सोमवारची वाट बघू नका. हे आकडे आजच सर्जनच्या टीमला फोनवर सांगा, बहुतेक सलाइन लागेल. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये परळ गाठणं कठीण वाटलं तर ठाण्यातच लावून घेतलं तर चालेल का ते त्याच फोनवर विचारा. जाताना डिस्चार्ज कार्ड हवंच. टेल्मिसार्टन आज द्यायची की थांबवायची, हा पहिला प्रश्न. शरीर कोरडं पडलेलं असताना ही गोळी किडनीवर ताण आणते. ताप, छातीत धडधड किंवा पोटात वाढतं दुखणं असेल तर फोनही नको, थेट कॅज्युअल्टी. ऑपरेशनमध्ये आतड्याला घातलेला आतला जोड गळत असू शकतो. इलिओस्टोमी असली म्हणून तो गळतच नाही असं नसतं.

आता पाण्याचं. तहान लागते म्हणून साधं पाणी, पाण्याने बॅग भरते, मग परत तहान. मोठं आतडं अन्नाच्या वाटेतून बाहेर आहे, त्यामुळे मीठ-पाणी शोषायचं त्याचं काम बंद. बिनमिठाचं पाणी लहान आतड्यात पोचलं की रक्तातलं सोडियम उलट आतड्यात ओढलं जातं आणि बॅगेतून निघून जातं. शहाळ्यात सोडियम कमी, पोटॅशियम भरपूर. क्रिएटिनिन चढलेलं असताना तर ते नकोच. रसातली साखर पाणी आणखी खेचते. म्हणून साधं पाणी, चहा, ताक सगळं मिळून दिवसाला अर्धा ते एक लिटरवर आणा आणि बाकी तहान मिठाच्या द्रावणावर भागवा. नेमकं किती, ते टीमकडून ठरवून घ्या, हृदयाचा त्रास असेल तर नक्कीच.

कासारवडवलीकर
फोन केला, आज भरती करून घेतायत. द्रावण म्हणजे मेडिकलमधलं टेट्रापॅक?

आहार_खारघर
टेट्रापॅक बहुधा गोड सरबतच असतं. ओआरएसच्या पावडरचं पाकीट घ्या, मागे 'एक लिटरसाठी' आणि सोडियम क्लोराइड 2.6 ग्रॅम लिहिलेलं बघून. अख्खं पाकीट, मोजून एक लिटर पाणी. चमचाभर पावडर ग्लासात टाकायची पद्धत चुकीची. सुटं प्रमाण हवं तर 200 मिलीचं छोटं पाकीट मिळतं.

बॅगेतून जास्त जात असेल तर याहून खारट द्रावण देतात: एक लिटर पाण्यात ग्लुकोज पावडर 20 ग्रॅम, मीठ 3.5 ग्रॅम, खाण्याचा सोडा 2.5 ग्रॅम. यात पोटॅशियम नसतं. डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच द्या. चमच्याचा अंदाज नको, दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा आणा. चव खारट लागतेच. फ्रिजमध्ये गार करून थोडं लिंबू पिळा. दिवसभर घोटघोट, एका दमात नाही.

जेवण मऊ भात, साबुदाणा, केळं, बटाटा. जेवताना पाणी नको, अर्धा तास आधी किंवा नंतर.

स्टोमा_सिस्टर_ऐरोली
लोपेरामाइड (आतड्याची हालचाल मंद करणारी गोळी) लिहून देतील तर जेवणाआधी अर्धा ते एक तास. बॅगेत कॅप्सूल अख्खी दिसली तर ती विरघळलीच नाही, तसं सांगा. इन्फेक्शन, पोटात पू किंवा आतड्यात अडथळा नाही ना, हे बघून मगच ही गोळी सुरू करतात. घरच्या घरी नाही.

आता गळती. हॉस्पिटलात दिलेल्या कागदी मापानेच फ्लँज (बॅगेची कातडीला चिकटणारी चकती) कापताय ना? सूज उतरते तसा स्टोमा, म्हणजे पोटावरचं आतड्याचं तोंड, सहा-आठ आठवडे लहान होत जातो. भोक 40 मिमी आणि स्टोमा 32 असेल, तर भोवती चार मिमीची उघडी कडा राहते आणि पाचक रस कातडीलाच पचवायला लागतो. आठवड्यातून एकदा मोजा, भोक स्टोमापेक्षा दोनच मिमी मोठं.

बदलायची वेळ पहाटे, चहाच्याही आधी. तेव्हा स्टोमा शांत असतो. तरी गुंडाळलेला टिश्यू स्टोमाच्या तोंडावर धरून ठेवा. नुसत्या कोमट पाण्याने पुसा. डेटॉल, खोबरेल, बेबी वाइप काही नको. तेलकट कातडीवर फ्लँज धरत नाही. ओल्या जखमेवर स्टोमा पावडर भुरभुरा आणि जादा झटका, थर राहिला की तिथूनच सुटतं. लावल्यावर तळहात मिनिटभर दाबून ठेवा, उबेने चिकटतं. बॅग एक तृतीयांश भरली की रिकामी करा, वजनानेही कड उचलली जाते.

आहार_खारघर
मोजपट्टी असलेला प्लास्टिकचा जग बाथरूममध्ये ठेवा. दर वेळी मिली आणि वेळ लिहा, लघवीचं वेगळं. राउंडला 'खूप जातंय' पेक्षा '1850' ऐकलं की पुढचे निर्णय भराभर होतात.

आणि उलटं झालं, म्हणजे चार-सहा तास बॅग कोरडी, पोटात कळा, उलटी, तर खाणं बंद आणि लगेच हॉस्पिटल.